ऊसनोंदीत दिसणारा पुढच्या वर्षीचा खड्डा

पावसाळा सरत आला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात दोन याद्या तयार असतात. एक कारखान्याच्या शेती विभागात असते: कोणत्या गावच्या शिवारात किती हेक्टर आडसाली, किती पूर्वहंगामी, किती सुरू, किती खोडवा, आणि कुणाची तोड साधारण कधी. दुसरी बांधकाम उपविभागात असते: कोणत्या रस्त्यावर किती खड्डे, तक्रार कुणाची, फोन कुणाचा. पहिली यादी येत्या सहा महिन्यांची, दुसरी गेल्या सहा महिन्यांची. दुरुस्तीचं नियोजन होतं ते दुसऱ्या यादीवरून, आणि या दोन याद्या सहसा एका टेबलावर येत नाहीत.

त्या एका टेबलावर आणायच्या कशा, ते या लेखात सांगायचं आहे. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शाखा अभियंते आणि आपल्या रस्त्याचा पिच्छा पुरवणारी जागरूक मंडळी डोळ्यांसमोर आहेत. रस्ता कधी मोडणार याचा अंदाज गावपातळीवर, महागड्या यंत्रांशिवाय, दोन-तीन हंगाम आधी बांधता येतो. तो बांधला की पैसा आधी कुठे घालायचा याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या सवयीच्या उलट निघतं.

आधी वजनाचा हिशेब

भार मोजताना टनांची नुसती बेरीज पुरत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या चालकांनी मालमोटारींच्या अखंड फेऱ्या मारल्या. किती जाडीच्या रस्त्यावरून किती वजनाचा आख किती वेळा गेला म्हणजे रस्ता हार मानतो, याची नोंद ठेवली गेली. त्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभर वापरतात. रस्त्याचं नुकसान आखावरच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. वजन दुप्पट झालं की नुकसान सोळापट होतं. म्हणूनच मोटारसायकली आणि जीपगाड्या दिवसभर कितीही धावल्या तरी रस्त्याच्या आयुष्यावर फारसा फरक पडत नाही, आणि रात्री जाणाऱ्या वीस-पंचवीस जड गाड्या त्याचा निकाल लावतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) मानकांत प्रमाण आख ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा धरतात. त्याला दोन्ही बाजूंना जोडटायर असतात. बाजूला एकेकच टायर असेल तर प्रमाण ६५ किलोन्यूटनवर, म्हणजे सुमारे ६.६ टनांवर येतं, कारण तेवढाच भार कमी जागेवर टेकतो. उसाच्या ट्रॉल्यांचा विचार करताना हा फरक फार महत्त्वाचा आहे.

आता एक काल्पनिक गाव घेऊ. २०० हेक्टर ऊस, हेक्टरी ९० टन उतारा, म्हणजे १८,००० टन. डबल ट्रॉलीच्या एका खेपेत २० टन ऊस जातो असं धरलं तर ९०० भरलेल्या खेपा. प्रत्येक ट्रॉलीला एकच आख, बाजूला एकेक टायर, आणि ट्रॉलीच्या स्वतःच्या वजनासह आखावर १२ टन. चौथ्या घाताचं गणित मांडलं की असा एक आख जवळपास पावणेअकरा प्रमाण आखांइतकं नुकसान करतो. दोन ट्रॉल्यांचे मिळून एकवीसहून जास्त. गुणिले ९०० खेपा: एका हंगामात सुमारे १९ हजार प्रमाण आख.

हा आकडा मोठा की लहान? ग्रामीण रस्त्यांच्या आखणीसाठी असलेल्या एसपी ७२ या मार्गदर्शिकेत रस्त्यांचे वाहतूक-वर्ग ठरवले आहेत. दहा वर्षांच्या आयुष्यात ३० ते ६० हजार प्रमाण आख येतील तो टी-२, ६० हजार ते १ लाख येतील तो टी-३. म्हणजे आपल्या काल्पनिक गावाचा रस्ता टी-२ म्हणून बांधला असेल तर त्याचं दहा वर्षांचं आयुष्य दोन-तीन गाळप हंगामांत खर्ची पडतं. टी-३ असेल तर चार-पाच हंगामांत. खरं तर याच मार्गदर्शिकेत पिकाच्या हंगामातली जादा वाहतूक वेगळी धरायची सोय दिलेली आहे. तुमच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात ती धरली होती का, हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारायचा असतो. उद्घाटनानंतर विचारून त्याचा उपयोग नाही.

याच गणितात एक आशेची जागाही आहे. तेवढाच ऊस, तेवढीच ट्रॉली, पण एकाऐवजी दोन आख असतील तर प्रत्येक आखावर सहा टन येतात आणि ट्रॉलीमागचं नुकसान आठव्या हिश्शावर उतरतं. रस्त्यावर डांबराचा एक थेंबही न टाकता आयुष्य वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही. कारखाने वाहतूकदारांशी दरवर्षी करार करतात. सहकारी कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत रस्त्यासाठी निधी मागण्याबरोबरच दोन आखी ट्रॉलीची अट करारात घाला, असा ठराव मांडावा. प्रवरानगरला १९५० साली आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, तिथे अशा ठरावाला ऐकणारे कान मिळायला हरकत नसावी.

ट्रकांचंही तसंच. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये जोडटायरच्या एकेरी आखाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वजन वाढलं पावणेतेरा टक्के. नुकसानीची क्षमता वाढली साठ टक्क्यांहून जास्त. त्याआधी आखलेले रस्ते मात्र आहेत तेच आहेत. नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीची गर्दी दिसते म्हणून आपण बसगाड्या आणि मोटारींकडे बोट दाखवतो. त्या रस्त्याच्या वर्षानुवर्षांच्या अवस्थेत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मालवाहतुकीचा वाटा त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

तेव्हा पहिलं काम: तुमच्या रस्त्यावरून ज्या ज्या कारखान्याला ऊस जातो, त्याच्या गट कार्यालयातून गाववार नोंदलेलं क्षेत्र घ्या. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचं वजन नोंदलं जातंच. गेल्या हंगामात आपल्या गावातून किती खेपा झाल्या, सरासरी वजन किती, एवढंच हवं. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोड पुढच्या वर्षाच्या शेवटी. त्यामुळे वर्षभरानंतर रस्त्यावर किती भार येणार हे आज कागदावर असतं. इतकी चांगली आगाऊ माहिती कापूस किंवा कांदा पिकवणाऱ्या गावांना मिळत नाही.

खाली काय आहे, पाणी कुठे जातं

तेवढाच भार राहाता तालुक्यात आणि पारनेर तालुक्यात टाकला तर परिणाम एकच होत नाही. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा आणि राहुरीचा बराचसा भाग गोदावरी-प्रवरा-मुळेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीचा. ही माती कोरडी असते तेव्हा दगडासारखी. भिजली की तिची भार पेलण्याची ताकद इतकी खाली येते की प्रयोगशाळेतल्या सीबीआर चाचणीत ती दोन-तीन टक्क्यांवर दिसते. शिवाय ती फुगते आणि आकसते. एप्रिल-मे महिन्यांत कडेपासून हात-दीड हातावर रस्त्याला समांतर जी लांब भेग पडते, ती वजनामुळे नव्हे, कडेची माती सुकून आकसल्यामुळे. ती भेग जूनपूर्वी डांबराने भरली तर काम काही तासांचं असतं. नाही भरली तर पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी थेट मातीपर्यंत जातं आणि ऑक्टोबरमध्ये ती कड खचलेली दिसते.

कालव्याखालच्या गावांची आणखी एक गोची आहे. भंडारदऱ्याच्या धरणाचे प्रवरा कालवे शंभर वर्षांच्या घरात आले, गोदावरीचे कालवेही तेवढेच जुने, त्यात मुळा धरणाची भर. तिथे रस्त्याखालची माती पावसाळ्यातच काय, आवर्तन सुटलं की भर उन्हाळ्यातही ओली होते. नेमकी गाळपाच्या शेवटच्या महिन्यांत, भरलेल्या ट्रॉल्या धावत असताना. त्यात कडेचे चर नांगरून शेतात घेतलेले, आणि पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदून वरवर मुरूम लोटलेला. अंदाज बांधताना हे सगळं मोजायचं. चर बुजलेला असेल तर त्या पट्ट्याचं आयुष्य मी निम्मं धरीन. हा माझा ढोबळ नियम आहे, कुठल्या ग्रंथातला नाही. पण चर मोकळा ठेवणं हे डांबरापेक्षा स्वस्त आहे, याबद्दल कुठल्याच अभियंत्याचं दुमत नसेल.

पश्चिमेकडे अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, पावसाचा मामला वेगळाच. तिथे रस्ता वाहून जातो तो डोंगराकडचं गटार तुंबल्याने आणि मोऱ्या लहान पडल्याने. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस शेवगाव-पाथर्डीकडे एका रात्रीच्या पुराने रस्त्यांचं जे नुकसान केलं, तेही रस्त्याच्या पृष्ठभागाशी संबंधित नव्हतं. कमी पावसाच्या तालुक्यांतही मोऱ्यांची तपासणी यादीत का हवी, त्याचं ते उत्तर आहे.

आणि कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या जिरायती भागात, जिथे पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि जड वाहतूक थोडी, तिथे ऊन हा मुख्य शत्रू. डांबर ऑक्सिडेशनने कडक होतं, त्याची पकड सुटते, खडी मोकळी होऊन कडेला जमा होते. अशा रस्त्याचा अंदाज वजनावरून बांधायचा नाही, वयावरून बांधायचा. चार-पाच वर्षांनी एक सीलकोट मिळाला तर तो रस्ता आणखी तेवढाच काळ काढतो. वाहतूक कमी म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि अखेरीस खडीसकट सगळं उचलावं लागतं.

रस्ता वाचायचा कसा

वर्षातून दोनदा, ऑक्टोबरच्या अखेरीस आणि मेमध्ये, रस्ता पायी चाला. दोन्ही वेळा महत्त्वाच्या: ऑक्टोबरमध्ये पावसाने काय केलं ते कळतं, मेमध्ये गाळपाने काय केलं ते. एका किलोमीटरचे पाच तुकडे करा, दोनशे-दोनशे मीटरचे. संपूर्ण रस्त्याला एक गुण देण्यात अर्थ नाही, कारण मोडतो तो ओढ्याजवळचा, वळणावरचा, वीटभट्टीपुढचा तुकडा. प्रत्येक तुकड्याचा मोबाइलवर फोटो घ्या, तारीख आणि ठिकाण उमटेल असा, दरवेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने. दोन वर्षांनी हे फोटो कुठल्याही अहवालापेक्षा जास्त बोलतात.

मोजायच्या गोष्टी मोजक्याच. भेगांचं क्षेत्र: भेगाळलेल्या भागाभोवती खडूने चौकोन काढा, लांबी-रुंदी मोजा, तुकड्याच्या एकूण क्षेत्राशी टक्केवारी काढा. आयआरसी ८२ मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठी भेगा १० टक्क्यांखाली असतील तर स्थिती चांगली, १० ते २० मध्यम, वीसच्या वर खराब धरतात. मोठ्या रस्त्यांना याच मर्यादा ५ आणि १० टक्के अशा कडक आहेत. पण टक्केवारीइतकाच भेगांचा चेहरा महत्त्वाचा. चाकांच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसलं की समजावं, वरचा थर थकला आहे आणि खालचा बहुधा ओला आहे. आडव्या किंवा कडेच्या सुट्या भेगा त्यामानाने निरुपद्रवी, वेळीच भरल्या तर.

दुसरी गोष्ट चाकोरीची खोली. सुताराकडून दोन-तीन मीटरची सरळ फळी घ्या, चाकोरीवर आडवी टेका आणि मधली फट पट्टीने मोजा. ५ मिलिमीटरच्या आत असेल तर नुसती नोंद. ५ ते १० असेल तर लक्ष ठेवा. १० च्या वर गेली की काही तरी करायची वेळ झाली. आखणीच्या मानकात २० मिलिमीटर खोली किंवा २० टक्के भेगा म्हणजे रस्त्याचं आयुष्य संपलं असं धरलेलं आहे. चाकोरीच्या बाजूला फुगवटा आला असेल तर माती सरकते आहे, वरून कितीही कार्पेट टाका, फुकट जाईल.

तिसरी कड. ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी बहुधा ३ किंवा ३.७५ मीटर. समोरून ट्रॉली आली की दुसऱ्याने एक चाक साइडपट्टीवर उतरवलंच पाहिजे. साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं खाली गेली असेल तर प्रत्येक वेळी कडेचा तुकडा निघतो. दोन वर्षांत पावणेचार मीटरचा रस्ता सव्वातीनचा होतो, मग सगळ्या गाड्या मधोमध एकाच वाटेने धावू लागतात आणि चाकोरी दुप्पट वेगाने पडते. मुरमाच्या चार खेपांनी हे थांबतं. अंदाजपत्रकात मात्र साइडपट्टी नेहमी शेवटच्या ओळीत असते, आणि निधी कमी पडला की पहिली तीच कापली जाते.

एवढं मोजायलाही माणसं नसतील तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वापरली जाणारी साधी पद्धत घ्या. गाडीतून फिरताना कुठल्या वेगाने सुखाने जाता येतं ते बघायचं. ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल तर ५ गुण, ३० ते ४० ला ४, २० ते ३० ला ३, १० ते २० ला २, दहाच्या खाली १. फक्त गाडी आणि चालक दरवेळी तेच ठेवा. आपल्याकडचा एखादा चालक सतरा खड्ड्यांतूनही पन्नासच्या वेगाने सुखाने जातो, त्याला या कामावर घेऊ नका.

आतला थर किती शिल्लक आहे हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बेंकलमन बीम असतो: सव्वाआठ टनांच्या आसपास भार असलेला मागचा आख रस्त्यावर उभा करून डांबर किती दबतं ते मोजायचं. किंवा डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर, म्हणजे आठ किलोचा हातोडा ठरावीक उंचीवरून सोडून टोकदार सळई किती आत जाते ते बघायचं. लोणीचं प्रवरा अभियांत्रिकी महाविद्यालय, कोपरगावचं संजीवनी, संगमनेरचं अमृतवाहिनी, नगरचं शासकीय तंत्रनिकेतन, या सगळीकडे स्थापत्य विभाग आहेत आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. पंचायतीने एक पत्र द्यायला काय हरकत आहे?

नोंदीतून अंदाज

आता या नोंदींचं करायचं काय? पहिला मोह म्हणजे सरळ रेष ओढणं: यंदा भेगा ४ टक्के, गेल्या वर्षी २ होत्या, म्हणजे पुढच्या वर्षी ६. असं होत नाही. भेग पडली की पाणी शिरतं, पाणी शिरलं की थर मऊ होतो, मऊ झाला की भेगा आणखी वेगाने पडतात. रस्ता बरीच वर्षं फारसा बदलत नाही आणि मग दोन-तीन हंगामांत कोसळतो. म्हणून वाढ बेरजेने न धरता पटीने धरा. २ चे ४ झाले तर पुढे ८, मग १६. तेवढ्यात तुमची चांगल्या स्थितीची मर्यादा ओलांडली जाते. अंदाज थोडा पुढेमागे होईल, पण कामाचं वर्ष बहुधा बरोबर निघेल.

जागतिक बँकेच्या एचडीएम-४ या संगणकप्रणालीतही तर्क हाच आहे, फक्त समीकरणं लांबलचक: भेग सुरू व्हायला किती वर्षं, ती पसरायला किती, खडी सुटायला किती, खडबडीतपणा किती वाढेल. मूळ अभ्यास केनिया आणि ब्राझीलमधले. आपल्याकडे दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतातल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं मोजमाप करून इथली समीकरणं बसवली. महामार्गांवर आता लेझर आणि कॅमेरे लावलेली सर्वेक्षण वाहनं फिरतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्गांपर्यंत ती पोचायला वेळ आहे. तोवर वही आणि फळी.

तालुक्याच्या पातळीवर एक वेगळी रीत जास्त उपयोगी पडते. एकेका रस्त्याचं भविष्य सांगायचं नाही, गुणांचं स्थलांतर मोजायचं. मागच्या मेमध्ये ४ गुण असलेल्या किलोमीटरांपैकी या मेमध्ये किती ३ वर आले? ३ वरून २ वर किती? समजा, दरवर्षी ४ वरचे वीस टक्के ३ वर येतात, ३ वरचे तीस टक्के २ वर, २ वरचे चाळीस टक्के १ वर. आज १०० किलोमीटर ४ वर असतील आणि काहीच केलं नाही, तर तीन वर्षांनी सुमारे ५१ किलोमीटर ४ वर, ३४ किलोमीटर ३ वर, १२-१३ किलोमीटर २ वर आणि अडीचएक किलोमीटर १ वर असतील. टक्के मी उदाहरणापुरते घेतले आहेत. तुमचे तुमच्या दोन वर्षांच्या नोंदींतून निघतील, आणि काळ्या मातीच्या रस्त्यांचे वेगळे, मुरमाडाचे वेगळे काढावे लागतील.

हीच रीत अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने १९८० च्या सुमारास आपल्या सगळ्या राज्य महामार्गांना लावली. ती प्रणाली मांडणाऱ्या गोलाबी, कुलकर्णी आणि वे या तिघांचा लेख १९८२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्याच वर्षी ४.६ कोटी डॉलरच्या अपेक्षित दुरुस्ती खर्चातले १.४ कोटी वाचले. वाचले कशात, ते आपल्या कामाचं आहे. आधी तिथेही रस्ता पुरता बिघडेपर्यंत थांबत आणि मग गरजेपेक्षा जाड थर चढवत. प्रणालीने सांगितलं, लवकर जा आणि पातळ थर द्या.

कुणाला आधी

ग्रामसभेत पचायला सर्वांत अवघड मुद्दा हा. तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एक १ गुणाचा, पूर्ण उखडलेला. दुसरा ३ गुणांचा, चालण्याजोगा, पण चाकांच्या वाटेवर भेगा दिसू लागलेल्या, आणि येत्या हंगामात त्यावरून ९०० खेपा जाणार. निधी एकालाच पुरतो. सगळं गाव पहिल्याकडे बोट दाखवेल. मी दुसऱ्याला आधी पैसे देईन. पहिला आणखी एक वर्ष थांबला तरी त्याच्या दुरुस्तीचा खर्च फारसा वाढणार नाही, कारण तो खडीकरणापासूनच करायचा आहे. दुसरा थांबला तर त्याचं काम पातळ थरावरून मजबुतीकरणावर जातं आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. पहिल्यावर तोवर खडी-मुरूम टाकून वाहतूक चालू ठेवायची, रुग्णवाहिका आणि शाळेची गाडी अडणार नाही एवढी. शाळा, दवाखाना किंवा एकुलता एक रस्ता असेल तर निर्णय अर्थात वेगळा होईल.

थांबण्याची हीच किंमत देशांच्या पातळीवरही दिसते. जागतिक बँकेने १९८८ मध्ये विकसनशील देशांतल्या रस्त्यांवर अहवाल काढला. ८५ देशांत वीस वर्षांत सुमारे ४५ अब्ज डॉलरचे रस्ते बरबाद झाले, आणि १२ अब्जांहून कमी खर्चाच्या वेळेवरच्या देखभालीने ते वाचले असते, असं त्यात म्हटलं होतं.

कुठल्या खुणेला कुठलं काम, हेही ठरवून ठेवा. खडी सुटतेय पण चाकोरी नाही: सीलकोट. सुट्या भेगा: भेगा भरणं. चाकोरी थोडी, जाळीदार भेगा नाहीत: समतल करून कार्पेट. जाळीदार भेगा आणि खोल चाकोरी एकत्र: तो तुकडा खालपर्यंत उकरून, मुरमाचा थर देऊन, पाणी बाहेर काढून पुन्हा भरणं, मगच वरचं डांबर. या शेवटच्या जागी नुसतं कार्पेट मंजूर होताना दिसलं तर लेखी हरकत घ्या. वर्ष-दोन वर्षांत भेगा तशाच्या तशा वर येतील. खड्डा बुजवतानाही कडा चौकोनी कापणं, धूळ काढणं, डांबराचा हात देणं आणि रोलर फिरवणं या चार गोष्टी झाल्याशिवाय बिलावर सही होऊ देऊ नका.

कागद आणि महिने

रस्ता कुणाचा, हे आधी पक्कं करा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची पहिल्या पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते, आणि केंद्राच्या योजनेत तिचं बिल ई-मार्ग प्रणालीतून, रस्त्याची स्थिती तपासून निघतं. म्हणजे पाच वर्षांच्या आतल्या रस्त्यासाठी नवा निधी मागणं म्हणजे ठेकेदाराचं काम आपल्या खिशातून करणं. फलकावरची पूर्णत्वाची तारीख आणि दोष दायित्वाचा कालावधी टिपून घ्या, आणि तो संपायच्या सहा महिने आधी तुमच्या मोजमापांसह पत्र द्या. फोटो, तारखा आणि मिलिमीटरमधली खोली असलेलं पत्र बाजूला सारणं अधिकाऱ्याला कठीण जातं.

ऑक्टोबरची पाहणी झाली की नोव्हेंबरात प्रस्ताव, म्हणजे पंचायतीच्या विकास आराखड्यात आणि जिल्हा नियोजनाच्या मागणीत तो वेळेवर बसतो. खड्डे आणि साइडपट्ट्या गाळप ऐन जोरात येण्याआधी. मोठं डांबरी काम शक्यतो कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलनंतर: ताज्या रस्त्यावर पहिल्याच आठवड्यात भरलेल्या ट्रॉल्या नकोत. मेमध्ये दुसरी पाहणी, भेगा भरणं, चर आणि मोऱ्या साफ. जून ते सप्टेंबर डांबराला हात नाही, पण मोठा पाऊस पडून गेल्यावर छत्री घेऊन एकदा रस्त्याने चालून या. पाणी कुठे तुंबतं हे फक्त तेव्हाच दिसतं.

अंदाज चुकण्याची सर्वांत मोठी कारणं रस्त्याबाहेरची असतात. राहुरीचा तनपुरे कारखाना ज्या हंगामांत बंद राहिला, त्या हंगामांत तिथला ऊस बाहेरच्या कारखान्यांकडे गेला. म्हणजे ट्रॉल्यांची वाट बदलली आणि लांबली. महामार्गाचं मोठं काम निघालं की मुरूम-खडीचे डंपर वर्षभर गावरस्त्यांवरून धावतात. नवा क्रशर, नवं गोदाम, पडलेला पूल आणि त्यामुळे आलेली वळणवाट, यातलं काहीही घडलं तर त्या रस्त्याची जुनी वाढीची पट रद्द समजा आणि सहा महिन्यांची वाट न बघता नव्याने मोजा. वळणवाट तुमच्या गावातून काढणाऱ्या यंत्रणेकडून काम संपल्यावर रस्ता पूर्ववत करून देण्याची लेखी हमी पहिला डंपर येण्याआधी घ्या, आणि तिला त्या दिवसाचे दोनशे-दोनशे मीटरचे फोटो जोडा.